ताईच्या नावावरची ओळ

२ डिसेंबर, मंगळवार

प्रिय झिपऱ्या,

तुझं पाकीट काल पोचलं. छापखाना जोरात चाललाय आणि तुझा खोकला गेला, हे वाचून बरं वाटलं. मीही ठीक आहे. लेकीचा परवा फोन होता. तिची बदली रद्द झाली, म्हणून खुशीत होती. मामाला सांगा म्हणाली, म्हणून सांगतोय.

फोन न करता लिहितोय याचा राग मानू नकोस. फोनवर तू बोलतोस, मी 'हं' म्हणतो, आणि मग तू चारचौघांत सांगतोस की भाऊजींना पटलं. शिवाय डोक्यावर एक केस उरला नसताना तुला झिपऱ्या म्हणणारा आता मी एकटाच आहे. ते छापखान्यात, कामगारांसमोर फोनवर ओरडण्यापेक्षा पाकिटात बरं.

कामाचं म्हणशील तर हात रिकामा नाही. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी या आठवड्यात कवळ्या करून घ्यायला चार जण धाडले. त्यातले एक आजोबा तिसऱ्यांदा परत आले. म्हणतात, दात बसतात छान, पण हसलो की बायको म्हणते हा तुम्ही नव्हे. आता त्यांचा तरुणपणीचा एक फोटो मागवलाय. बघू.

पत्रक पाहिलं. छपाई स्वच्छ आहे, कागदही चांगला वापरलायस. सहावा भाग येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी लागतोय आणि तू पाचशे पत्रकं घेऊन थिएटरच्या पायऱ्यांवर उभा राहणार, हे तुझ्या स्वभावाला धरूनच आहे. 'परतीचं जहाज' या सिनेमाचे पाच भाग ज्यांनी काढले ते ड्रॉइंगमास्तर गेले, आणि आता त्यांच्याशिवाय सहावा निघतोय, म्हटल्यावर आपल्या वार्तापत्राचे तीनशे वाचक पेटणारच. कंपनीनं जहाज कॉम्प्युटरवर केलंय म्हणे. कप्तान पूर्वी सबंध भागात वीस वाक्यं बोलायचा, आता जाहिरातीतच तेवढी बोलतो. मलाही या गोष्टींचा घोर आहे. मी त्याबद्दल बोलत नाही, एवढंच.

'मास्तरांच्या राहिलेल्या टिपणांवर आधारित' असं कंपनी सांगते, त्यावरचा तुझा परिच्छेद वाचला. 'मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवायची ही जुनी युक्ती आहे.' जोरदार लिहिलंयस. दोनदा वाचला.

पण मला पायऱ्यांवर उभं राहायला जमणार नाही. गुडघे दुखतात. आणि दुपारी तीनच्या खेळाला उन्हात उभं राहायचं म्हणजे माझी टोपीही सापडायला हवी.

आणखी एक. पत्रकावर वरच मोठ्या अक्षरांत जी ओळ टाकली आहेस ती काढता येईल का? 'सुकाणू ज्याच्या हातात होतं तो गेला. आता जहाज वाटेतच थांबू दे. परक्यानं घरी आणलेलं जहाज आपलं नव्हे.' आणि खाली, 'माझ्या कै. ताईच्या वहीतून'. अक्षर फार मोठं झालंय. आणि तिला असं पायऱ्यांवर उभं केलेलं आवडलं नसतं. ती सबंध जन्मात कधी मोर्चात गेली नाही, तुला माहीत आहे. तू तुझ्या शब्दांत लिही. तुला शब्दांची काय वाण?

वार्तापत्रातलं ताईचं सदर या डिसेंबरात नको. त्या जागी जुनी छायाचित्रं टाक. आणि वहीत अजून किती पानं आहेत, वही पाठवा म्हणजे 'शेवटच्या रांगेतून'चं पुस्तक करू, असं लिहिलंयस. वही कुठे ठेवली ते आता नीट आठवत नाही. कपाटं आवरली तेव्हा इकडची तिकडे झाली असेल. शोधतो. घाई करू नकोस.

खोकला पुन्हा उलटेल, गार पाणी पिऊ नकोस.

तुझा,
भाऊजी


७ डिसेंबर, रविवार

झिपऱ्या,

तुझं उत्तर मिळालं. एवढ्या लवकर टपाल येतं हे माहीत नव्हतं. रागाला पाय फुटतात म्हणतात ते खरं असावं.

तू लिहितोस, ओळ काढणार नाही. तू लिहितोस, भाऊजी, तुम्हाला त्या सिनेमातलं कधी काही कळलं नाही, तुम्ही ताईच्या शेजारी नुसते बसायला यायचात. तू असंही लिहितोस की वही लपवून ठेवण्याचा मला हक्क नाही, ती जेवढी नवऱ्याची तेवढीच भावाची, आणि तिच्या शब्दांवर मी धूळ साचू देतोय.

बसायला यायचो, हे खरं आहे. पाचही भागांना, प्रत्येक भाग सहा-सात वेळा. ती शेवटच्या रांगेत कडेला बसायची आणि मी तिच्या आतल्या बाजूला. मध्यंतरात ती बोलायची, मी ऐकायचो. आता तू ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. म्हणूनच लिहितोय.

वही हरवलेली नाही. माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात आहे, दातांच्या रंगपट्टीच्या डब्याखाली. तिच्यात तिची पूर्ण झालेली तीन सदरं आहेत आणि एक अर्धं. बाकी पानं कोरी आहेत.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल ही तिची. मे महिन्याचं पहिल्या तीन परिच्छेदांपर्यंत तिचं. चौथा परिच्छेद 'आणि मग कप्तान' एवढ्यावर थांबलाय. जूनपासून नोव्हेंबरपर्यंतची सहाही मी लिहिली.

हे वाक्य लिहून मी उठलो, हात धुतले, परत येऊन बसलो. आता पुढचं सोपं आहे.

ती गेल्यावर मे महिन्याचं अर्धं सदर मी तसंच पाठवणार होतो. पण 'आणि मग कप्तान' यावर थांबलेलं छापून आलेलं मला बघवलं नसतं. म्हणून दहा-बारा ओळी घातल्या, सगळं माझ्या अक्षरात उतरवलं आणि धाडून दिलं. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. तू काय म्हणालास आठवतंय? काही वेळ नुसता नाक ओढत होतास. मग म्हणालास, "भाऊजी, ताई आहे हो अजून. वहीत आहे. किती पानं आहेत?" मी म्हणालो, "आहेत." त्या एका शब्दाची फळं मी सहा महिने खातोय.

कसं जमलं, असं तुला वाटेल. माझं कामच ते आहे. कवळीतले दात सगळे पांढरे आणि सरळ केले की आंधळ्यालाही कळतं. एक दात जरासा वळलेला ठेवायचा, एकाची कड झिजवायची, एकाला चहाचा डाग द्यायचा. ज्याचं तोंड त्याच्या खोडी. तिच्या खोडी मला पाठ होत्या. तिसरा आणि चौथा भाग ती नेहमी उलटसुलट करायची, तेही मी मुद्दाम केलं. तू खाली चौकटीत छापलंस: 'ताईची नेहमीची गडबड! संपादक.' त्या दिवशी मी टेबलाशी बसून एकटाच हसलो आणि मग बराच वेळ काम करता आलं नाही.

आणि ज्या माणसाला सिनेमातलं काही कळत नाही त्याच्या जुलैच्या सदरावर तू काय लिहिलं होतंस? 'असं दुसऱ्या कुणाला सात जन्मांत जमणार नाही.' ते कार्ड माझ्याजवळ आहे. हवं तर परत पाठवतो.

लेकीनं ओळखलं. सप्टेंबरात तिचा फोन आला. तिनं आधी जेवलात का विचारलं आणि मग म्हणाली, "बाबा, खालच्या डेकवरचं दार आत उघडतं का बाहेर, त्याची बिजागरी कुठल्या बाजूला आहे, हे आईनं लिहिलंय?"

"वहीत आहे तसं," मी म्हणालो.

"आईनं उभ्या जन्मात बिजागरी बघितली नाही. घरातल्या कपाटाचं दार दोन वर्षं लोंबत होतं, तिला दिसलं नाही. ती माणसं बघायची. बिजागऱ्या तुम्ही बघता."

मग म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही मामाला सांगा." तीन महिने मी सांगितलं नाही.

आता त्या ओळीबद्दल. तू ती तिची म्हणून पाचशे वेळा छापली आहेस, त्यामुळे हे नीट वाच.

सहावा निघणार ही बातमी पेपरात आली तेव्हा ती हॉस्पिटलात होती. सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं आणि ती पाय सरकवत सरकवत उन्हात ठेवत होती. मी पेपर वाचून दाखवला.

"कोण काढतंय?" तिनं विचारलं.

"ती मॉडेलवाली. मास्तरांच्या हाताखाली जहाज बनवायची ती."

"किटल्यांची झाकणं कापून?"

"तीच."

"मग बरं झालं. तिला जहाज आतून माहितीये."

मी म्हणालो, "तुझा भाऊ पेटलाय. बहिष्कार घालू म्हणतो."

"त्याला पेटायला काडी लागते का?" ती म्हणाली. मग थोडा दम खाऊन म्हणाली, "अहो, मी बावीस वर्षं बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले. गाडी कधी सुटेल, कधी पोचेल, मध्ये थांबेल का, खिडकीची जागा मिळेल का, सगळं विचारलं लोकांनी. ड्रायव्हर कोण आहे, असं एका माणसानं विचारलं नाही."

मी तुझी बाजू घेतली. म्हणालो, "सिनेमा म्हणजे बस नव्हे."

"नव्हेच. वाईट निघाला तर मी भांडेन ना तिच्याशी. असं झाडेन सदरात! पण आधी मला पोचलेलं बघायचंय. भांडण नंतर."

हे तिचं मत. तिला बघायचं होतं. एवढं साधं होतं.

मग मी उलटं का लिहिलं? ऑगस्टात साचे पोचवायला गेलो होतो, तर थिएटरवर भलं मोठं पोस्टर लागलेलं. जहाज आणि खाली अक्षरं: 'ते घरी येतंय.' मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. मागून हॉर्न वाजायला लागले. पाच भाग तिनं ज्याची वाट बघितली ते येतंय, आणि ती नाही. घरी आलो, वही समोर ठेवली, सुट्या कागदावर वीस मिनिटांत सदर लिहिलं. ती बघणार नाही तर कुणीच बघू नये, असं मला वाटलं. जहाज वाटेतच राहू दे. जळू दे. मास्तरांवरची निष्ठा वगैरे त्यात काडीची नव्हती. तो माझा राग होता आणि मी तो तिच्या तोंडात बसवला, आणि इतका बेमालूम बसवला की तिच्या सख्ख्या भावाला कळलं नाही.

त्या एका ओळीची मी माफी मागतो. तुझीही आणि तिचीही.

पण सहा सदरांची मागणार नाही. तू काहीही म्हण. रविवारी दुपारी दोन तास मला तिच्यासारखा विचार करायला मिळायचा. कुठल्या प्रसंगाला ती हसली असती, कुणाला नावं ठेवली असती, हे शोधत बसायचो. त्या दोन तासांसाठी मी बाकीचे सहा दिवस कवळ्या घासल्या. ज्यांनी ती सदरं वाचली त्यांनी ताईला नमस्कार सांगा म्हणून पत्रं पाठवली. त्यांचं मी काय वाईट केलं? खोट्या दातांनीही माणूस जेवतोच की.

हो, कळतंय मला. कंपनीवाले 'राहिलेली टिपणं' म्हणतात, मी 'राहिलेली वही' म्हणालो. तुझा तो परिच्छेद मी दोनदा का वाचला ते आता तुला कळेल. ती युक्ती जुनी आहेच, पण ती करणारा दरवेळी चोरच असतो असं नाही. कधी कधी त्याला थांबता येत नाही, एवढंच असतं. त्या मॉडेलवालीचंही तसंच असेल. पंचवीस वर्षं ज्या माणसाशेजारी बसून झाकणं कापली, तो गेल्यावर तिनं करायचं काय? कात्री ठेवून द्यायची? तू आणि मी तिला परकी म्हणतोय. मास्तरांना शेवटच्या दिवसांत भेटायला आपण गेलो होतो की ती?

तेव्हा आता माझं म्हणणं सांगतो. तुला बहिष्कार घालायचा तर जरूर घाल. तो तुझा हक्क आहे आणि तुझ्या शंकाही खोट्या नाहीत. पण स्वतःच्या नावावर घाल. तिची ओळ म्हणून ती पायऱ्यांवर गेली, तर शुक्रवारी मी तुझ्या शेजारी येऊन उभा राहीन, गुडघे गेले खड्ड्यात, आणि पत्रक घेणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की ही ओळ तिची नाही, दात बनवणाऱ्या माणसाची आहे. त्यानंतर तीनचं तिकीट काढून आत जाईन. तिला बघायचं होतं, म्हणून मी बघणार. तू मला अडवून दाखव.

तुला काय वाटेल ते वाटो. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

ती ओळ ज्याची,
तो


१४ डिसेंबर, रविवार

झिपऱ्या,

आपण शुक्रवारी भेटलो खरे, पण जेमतेम सात-आठ शब्द बोललो. म्हणून हे.

मी पावणेतीनला आलो. कोपऱ्यावरूनच तू दिसलास. पायऱ्यांवर मधोमध, बगलेत गठ्ठा. मी पाठ केलेली वाक्यं मनात घोळवत आलो होतो. तू मला बघितलंस आणि जणू ओळख नाही असं एक पत्रक पुढे केलंस.

"घ्या."

"घेतो."

"आत जाणार?"

"जाणार."

"जा मग. वाट अडवू नका."

पत्रक बघितल्यावर माझी पाठ केलेली वाक्यं विसरलो. वरची ओळ पेनानं खोडलेली होती. आडवी, जाड रेघ, दोनदा ओढलेली. मला वाटलं माझ्यासाठी म्हणून एक खोडलंय. मी बाजूला सरकून बघत राहिलो. पुढच्या माणसाच्या हातातलंही खोडलेलं. त्याच्या पुढच्याचंही. पाचशेच्या पाचशे तू हातानं खोडलीस. छापखाना तुझा आहे. तासाभरात नवीन छापता आली असती. ज्या माणसानं एका सुटलेल्या अनुस्वारासाठी दोनशे व्हिजिटिंग कार्डं रद्दीत टाकली, तो खोडलेला कागद लोकांच्या हातात देत होता.

एका मुलीनं तुला विचारलं, "काका, हे वरचं काय खोडलंय?" तिच्या मैत्रिणीनं कागद उजेडाला धरून वाचायचा प्रयत्न केला.

तू म्हणालास, "आमच्या घरातली चूक आहे. खालचं वाचा."

मी तेव्हा खांबाआड होतो. तू मला बघितलं नसशील. बघितलं असशील तर असो.

आता सिनेमा. पहिला अर्धा तास मी पूर्ण तुझ्या बाजूचा होतो. संगीत कान फोडतं. कप्तान बडबडतो. जहाज लांबून ठीक, पण जवळ आलं की गुळगुळीत, नव्या कवळीसारखं. दोनदा उठून निघून यावंसं वाटलं. एकदा तर टोपी हातात घेतली होती.

पण सुरुवातीलाच एक पाटी आहे, ती तुला सांगायला हवी. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: 'मास्तरांची टिपणं अकरा पानांची होती. ती बाराव्या मिनिटाला संपतात. पुढचं आम्ही केलं आहे. चुका आमच्या.' आणि खाली तिचं नाव. जाहिरातीत कंपनीनं हे दडवलं, पण पडद्यावर तिनं ते टाकून घेतलं. कंपनीशी किती भांडली असेल कुणास ठाऊक. मी शेवटच्या रांगेत बसून ते वाचलं आणि माझे कान गरम झाले. तिला हे पहिल्याच मिनिटाला जमलं. मला सहा महिने लागले, तेही तू टोचल्यावर.

पोचतं की नाही ते मी सांगणार नाही. शेवटच्या वीस मिनिटांत चष्मा पुसावा लागला, एवढंच सांगतो. त्यातलं रागाचं किती आणि कशाचं किती ते मला वेगळं करता आलेलं नाही. चुका मी सत्तावीस मोजल्या. ती असती तर तीन मोजल्या असत्या आणि त्या तीनवरून त्या बाईला फाडून खाल्लं असतं.

सोबत वही पाठवतोय. पुस्तक कर. तिचं जेवढं आहे तेवढं तिच्या नावानं. मे महिन्याच्या सदरात 'आणि मग कप्तान' इथं एक रेघ मार, ठळक मार, आणि रेघेखालचं माझ्या नावानं छाप. जून ते नोव्हेंबर छापायचं की नाही हे तू ठरव. छापलंस तर तिचं नाव त्यावर नको. वाचकांना काय सांगायचं ते मी जानेवारीच्या अंकात स्वतः लिहून देईन. शिव्या येतील. येऊ देत. त्या माझ्या पत्त्यावर मागव.

डिसेंबरचं सदरही सोबत आहे. सहाव्या भागावर. सही माझी. त्यात माणसांपेक्षा बिजागऱ्याच जास्त आहेत, काय करणार? पण हे सदर बंद करायचं नाही, हे मी ठरवलंय. तू नाही छापलंस तर हातानं लिहून तीनशे प्रती पाठवीन.

बुधवारी दुपारी तीनची तीन तिकिटं काढली आहेत, शेवटची रांग. एक यात घालतोय. तुला सिनेमा पाडायचाय ना? मग बघून पाड. पायऱ्यांवर उभं राहून कुणालाही पाडता येतो. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. कडेची खुर्ची मी मोकळी ठेवणार आहे, तिच्यात बसायचं नाही. तू माझ्या दुसऱ्या बाजूला बस.

लोभ असो नसो, ये.

भाऊजी